रिकाम्या खणाचा भरवसा

मजकुराच्या एका लांबलचक फाइलवरून एक खिडकी सरकत जाते, अशी कल्पना करा. खिडकीत कायम ४,०९६ शब्द असतात. सगळ्यात जुना शब्द बाहेर पडतो, एक नवा आत येतो. प्रत्येक पावलाला मला एवढंच हवं होतं: या घडीला खिडकीत वेगवेगळे शब्द किती आहेत, आणि त्यातला प्रत्येक किती वेळा आला आहे. लिहिणाऱ्याचा शब्दसाठा कुठे दाटतो आणि कुठे तेच ते शब्द फिरून फिरून येतात, हे त्यावरून दिसतं.

काम सी भाषेत चाललं होतं आणि सीच्या प्रमाण लायब्ररीत हॅश टेबल, म्हणजे शब्दावरून त्याची नोंद थेट गाठून देणारी रचना, नाही. बाहेरची तयार लायब्ररी घेता आली असती. पण ही रचना मला एकदा स्वतःच्या हाताने, पहिल्या ओळीपासून बांधायची होती. रोज वापरूनही तिच्या आत काय चालतं ते मी फक्त वाचलेलं होतं. बांधली, बिघडली, दुरुस्त केली, दुरुस्ती बिघडली, पुन्हा केली. ते सगळं इथे क्रमाने मांडते आहे, कारण बहुतेक चुका एकाच जागेभोवती फिरत होत्या आणि ती जागा मला सुरुवातीला दिसलीच नव्हती.

रचना

मूळ कल्पना साधी आहे. शब्द एका फंक्शनला द्यायचा, ते एक मोठा आकडा (हॅश) देतं, त्या आकड्यावरून अ‍ॅरेतला एक खण ठरतो. शोधताना सगळी यादी चाळायची नाही, थेट त्या खणाशी जायचं. या खणाला मी त्या शब्दाचं घर म्हणेन.

अवघड भाग यापुढचा. दोन शब्दांचं घर एकच निघालं तर काय? खण भरपूर घेतले तरी हे टळत नाही. वर्षाचे ३६५ दिवस असूनही कुठलीही २३ माणसं एकत्र आली की त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्यावर जाते. शब्दांची टक्कर याच हिशेबाने, आपल्या अंदाजाच्या खूप आधी होते.

यावर दोन जुनी उत्तरं आहेत. हान्स पीटर लून यांनी १९५३ साली आयबीएममध्ये लिहिलेल्या टिपणात पहिलं सापडतं: एका घरात आलेल्या सगळ्या नोंदी एकमेकींना जोडून साखळी करायची. याला आपण चेनिंग म्हणतो. दुसरं पुढच्याच वर्षी तिथेच, जीन अ‍ॅमडाल, इलेन मॅकग्रॉ, आर्थर सॅम्युएल यांनी एका असेंब्लरसाठी वापरलं: घर भरलेलं असेल तर शेजारचा खण बघायचा, तोही भरलेला असेल तर त्याच्या पुढचा, शेवट आला की वळसा घालून पुन्हा पहिल्यापासून. हे लिनिअर प्रोबिंग.

मी दुसरं निवडलं. माझ्या एका खणात आठ बाइटांचा हॅश, आठ बाइटांचा शब्दाकडे नेणारा पॉइंटर आणि चार बाइटांची मोजणी असते. जुळवणीसाठी सुटलेले चार बाइट धरले तर एकूण २४. आजच्या बहुतेक प्रोसेसरची कॅश लाइन, म्हणजे मेमरीतून एका वेळी उचलला जाणारा तुकडा, ६४ बाइटांची असते. म्हणजे एक खण वाचायला गेलं की शेजारचा एखाददुसरा खण फुकटात हाताशी येतो. साखळीत मात्र प्रत्येक कडी मेमरीत कुठेतरी दूर पडलेली असू शकते. खण घेतले ८,१९२. ही संख्या २ चा १३ वा घात आहे, त्यामुळे भागाकार न करता नुसतं मास्क लावून, म्हणजे हॅशचे शेवटचे १३ बिट तेवढे ठेवून, घर काढता येतं. सगळं टेबल १९२ किलोबाइटांत बसतं.

८,१९२ च का? डोनाल्ड कनुथ यांनी १९६३ साली लिनिअर प्रोबिंगचं गणित मांडलं, ते या निर्णयाच्या मुळाशी आहे. हॅश फंक्शन चांगलं असेल आणि टेबल निम्मं भरलेलं असेल, तर असलेला शब्द सापडायला सरासरी १.५ खण बघावे लागतात आणि नसलेला शब्द ‘नाही’ असं ठरायला २.५. टेबल तीन चतुर्थांश भरलं की हे आकडे २.५ आणि ८.५ होतात. नव्वद टक्के भरलं की ५.५ आणि ५०.५. भरण्याबरोबर शोध हळूहळू महाग होत नाही, एका टप्प्यानंतर तो कड्यावरून कोसळतो. माझ्या खिडकीत जास्तीत जास्त ४,०९६ वेगळे शब्द असू शकतात, म्हणजे टेबल कधीच निम्म्यापेक्षा जास्त भरणार नाही. तरीही तीन चतुर्थांशाच्या वर गेल्यास दुप्पट व्हायची सोय मी लिहून ठेवली होती.

शोध असा होता:

शोध(शब्द):
  ख = घर(शब्द)
  जोवर खण[ख] रिकामा नाही:
    जर खण[ख] मध्ये हाच शब्द असेल: ख परत दे
    ख = (ख + १) & मास्क
  ‘नाही’ परत दे

या सहा ओळी मी फार विचार न करता लिहिल्या. पुढे जे घडलं ते सगळं तिसऱ्या ओळीतून आलं.

हॅश फंक्शन

पहिला प्रयत्न कच्चा होता: शब्दातल्या सगळ्या बाइटांची बेरीज. चालवून बघण्यापुरता. पण तो का चालत नाही हे नीट समजून घेतल्याचा मला पुढे फार उपयोग झाला.

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की हलन्त, तीन बाइट घेतं. पहिला बाइट नेहमी २२४. दुसरा १६४ किंवा १६५. फरक पडतो तो तिसऱ्यात, आणि तोही १२८ ते १९१ एवढ्याच पट्ट्यात. म्हणजे एका चिन्हाची बेरीज फार तर ५८०. दहा चिन्हांचा शब्द घेतला तरी बेरीज ५,८०० च्या वर जात नाही. टेबल पुढेमागे ६५,५३६ खणांचं झालं, तर दहा चिन्हांपर्यंतचे सगळे शब्द त्याच्या पहिल्या नऊ टक्क्यांत कोंबले जातील आणि बाकीचं टेबल ओस पडेल. शिवाय बेरजेला क्रम कळत नाही. तार आणि रात, मान आणि नाम, दगड आणि गडद, मगर आणि गरम: प्रत्येक जोडीचं घर एकच.

मग मी सगळीकडे भेटणारी पद्धत घेतली: ५३८१ पासून सुरुवात, प्रत्येक बाइटाला आधीच्या आकड्याला ३३ ने गुणायचं आणि नवा बाइट मिळवायचा. गुणाकारामुळे क्रमाला किंमत येते. आता तार आणि रात वेगळे पडतील म्हणून मी आठ खणांच्या चिमुकल्या टेबलवर बघितलं, तर दोघं पुन्हा एकाच खणात.

कागदावर मांडल्यावर कारण दिसलं. आठ खणांच्या टेबलात आकड्याचे शेवटचे तीनच बिट वापरले जातात. ३३ ला ८ ने भागलं की बाकी १ उरते, १६ ने भागलं तरी १, ३२ ने भागलं तरी १. एकने गुणणं म्हणजे न गुणणंच. त्यामुळे ३२ खणांपर्यंतच्या टेबलात हे फंक्शन म्हणजे बाइटांची बेरीजच असते, फक्त ५३८१ ने सरकलेली. मोठ्या टेबलात ते बरं वागतं. पण हॅशचे खालचे बिट आणि वरचे बिट यांची गुणवत्ता सारखी नसते, ही गोष्ट मला तिथे पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसली.

शेवटी एफएनव्ही-१ए घेतलं, ६४ बिटांचं: बाइट आधी एक्सऑर करायचा (बिट वेगळे असतील तिथे १, सारखे असतील तिथे ०), मग १०९९५११६२८२११ या मूळ संख्येने गुणायचं. यातही सगळ्यात खालचा बिट दुबळाच आहे, कारण विषम संख्येने गुणल्यावर तो बदलत नाही. म्हणून मास्क लावण्याआधी वरचे ३२ बिट खालच्या ३२ बिटांत एक्सऑरने मिसळते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. माझा मजकूर माझ्याच हातातला आहे. इनपुट अनोळखी लोकांकडून येणार असेल तर हे फंक्शन पुरेसं नाही. मुद्दाम एकाच घरात पडणारे शब्द पाठवून सर्व्हर गुदमरवता येतो, हे २०११ साली जाहीरपणे दाखवलं गेलं. त्यानंतर २०१२ मध्ये आलेलं, गुप्त बीज घेणारं सिपहॅश पायथनसारख्या भाषांनी स्वीकारलं, ते याच कारणासाठी.

बिघाड

खिडकी सरकते तेव्हा बाहेर पडणाऱ्या शब्दाची मोजणी एकने कमी करायची, शून्य झाली तर नोंद काढून टाकायची. काढणं मी सरळ लिहिलं होतं: खण शोधायचा, शब्दाची मेमरी मोकळी करायची, खण रिकामा करायचा.

प्रोग्रॅम चालला. कोसळला नाही, निकालही पहिल्या नजरेला पटण्यासारखा होता. केवळ मनाच्या समाधानासाठी मी एक ओळ घातली होती: प्रत्येक पावलानंतर सगळ्या मोजण्यांची बेरीज छाप. ती नेहमी ४,०९६ च यायला हवी, कारण खिडकीत तेवढेच शब्द आहेत. काही वेळ ४,०९६ येत राहिली. मग ४,०९७ आली. पुढे ती फक्त वाढत गेली, कधी कमी झाली नाही.

मोजणी कमी करणाऱ्या फंक्शनमध्ये मी लिहिलं होतं: शब्द सापडला नाही तर काही न करता परत फिर. सावधगिरी म्हणून लिहिलेली ती ओळ खरं तर बिघाड झाकत होती. तिथे प्रोग्रॅम थांबवायला लावला, तेव्हा कळलं की खिडकीत नुकताच असलेला, मीच टेबलात घातलेला शब्द टेबल ‘नाही’ म्हणतं आहे.

बराच वेळ मी हॅश फंक्शनवर संशय घेत बसले. एका सहकाऱ्याला कोड दाखवला. त्याने काढण्याचं फंक्शन बघितलंही नाही. शोधाच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून त्याने विचारलं, “इथे रिकामा खण आला की तू थांबतेस. पुढे तो शब्द नसेलच, हे कशावरून?”

मी म्हटलं, “असता तर या रिकाम्या खणातच बसला असता ना.”

“तेव्हा हा खण रिकामा होता का?”

यापुढे समजावून सांगायची गरज उरली नव्हती. तरी आकड्यांत मांडते, कारण आकड्यांत ते जास्त स्वच्छ दिसतं. मी आठ खणांचं टेबल घेतलं आणि मुद्दाम पहिलंच फंक्शन, नुसती बाइटांची बेरीज. तारची बेरीज १,६९४, आठने भागून बाकी ६. रातचीही तीच. रावची १,७११, बाकी ७. मानची १,६९६, बाकी ०. याच क्रमाने चौघांना आत घातलं:

खण ६: तार, घर ६
खण ७: रात, घर ६
खण ०: राव, घर ७
खण १: मान, घर ०

रातला ६ मध्ये जागा नव्हती म्हणून ती ७ मध्ये गेली. तिने रावचं घर अडवलं, म्हणून तो वळसा घालून ० मध्ये. त्याने मानचं घर अडवलं. आता रात काढा. खण ७ रिकामा झाला. रावला शोधा: घर ७, तिथे काही नाही, उत्तर ‘नाही’. राव शेजारच्याच खणात बसलेला आहे आणि टेबलाला तो दिसत नाही.

पुढचं त्याहून वाईट. मजकुरात राव पुन्हा आला की त्याची नवी नोंद खण ७ मध्ये तयार होते, मोजणी १ पासून. आता राव दोन. एक दिसणारा, एक झाकलेला. खिडकीतून जुने राव बाहेर पडतात ते दिसणाऱ्याच्या खात्यातून वजा होतात, तो शून्यावर जाऊन निघून जातो, आणि त्यानंतरची वजाबाकी माझी ती सावध ओळ गिळून टाकते. झाकलेल्याची मोजणी तशीच राहते. बेरीज वाढतच का जात होती ते हे.

शोधाची तिसरी ओळ म्हणजे एक करार होता: कुठल्याही शब्दाच्या घरापासून तो बसला आहे त्या खणापर्यंत वाटेत एकही रिकामा खण असणार नाही. घालण्याचं फंक्शन हा करार आपोआप पाळतं, म्हणून तो कुठे लिहिलेला नव्हता. काढण्याच्या फंक्शनला त्याची कल्पनाच नव्हती.

थडगी

पहिला उपाय पाठ्यपुस्तकातला: काढलेल्या खणावर रिकामा असं न लिहिता टूमस्टोन ठेवायचा, म्हणजे थडग्याचा दगड. इथे कुणीतरी होतं, शोधणाऱ्याने थांबू नये, पुढे जावं. घालताना मात्र ती जागा पुन्हा वापरता येते.

पुन्हा वापरण्यात एक बारीक खोच आहे. थडगं दिसल्याबरोबर तिथेच नवा शब्द बसवला तर तोच शब्द थडग्याच्या पलीकडे आधीपासून असू शकतो, आणि पुन्हा दोन नोंदी. पहिलं थडगं लक्षात ठेवायचं, खरा रिकामा खण येईपर्यंत शोधत जायचं, आणि शब्द कुठेच नाही अशी खात्री झाल्यावर मागे येऊन त्या थडग्यावर बसवायचं. हे मी वेळीच केलं. बेरीज ४,०९६ वर स्थिर झाली आणि काम संपलं असं मला वाटलं.

मोठी फाइल दिली तेव्हा प्रोग्रॅम आधी मंदावत गेला आणि मग एका जागी कायमचा अडकला. त्रुटीचा संदेश नाही, मेमरी वाढत नाही, फक्त प्रोसेसर अखंड फिरतो आहे.

कारण सरकत्या खिडकीच्या स्वभावातच होतं. थडग्यांच्या पद्धतीत रिकामा खण एकदा वापरला की पुन्हा कधीच रिकामा होत नाही. तो एक तर भरलेला असतो, नाही तर थडगं. रिकाम्या खणांची संख्या फक्त घटू शकते. आणि माझ्याकडे तर अखंड आवक-जावक होती. जिवंत नोंदी निम्म्याच्या वर कधी जात नव्हत्या, म्हणून टेबल दुप्पट करायची अट कधी लागू होत नव्हती. पण शोधाच्या दृष्टीने थडगं आणि भरलेला खण यांत फरक नाही. कनुथ यांच्या गणितातला तो कडा मी निम्म्या भरलेल्या टेबलात गाठला होता. शेवटचा रिकामा खण संपला त्या क्षणी ‘नाही’ हे उत्तर देणं अशक्य झालं: नसलेल्या शब्दाचा शोध टेबलाला गोल गोल प्रदक्षिणा घालत राहिला.

यावरही इलाज आहे. लोड फॅक्टर, म्हणजे टेबल किती भरलं आहे ते, मोजताना थडगीही धरायची आणि मर्यादा ओलांडली की त्याच आकाराचं नवं टेबल घेऊन जिवंत नोंदी त्यात पुन्हा बसवायच्या. प्रचलित हॅश टेबलांपैकी काही असंच करतात आणि ते बरोबर आहे. माझ्या कामात मात्र जवळजवळ प्रत्येक पावलाला काहीतरी निघतं आणि काहीतरी घातलं जातं, म्हणजे सगळं टेबल वारंवार उपसावं लागलं असतं. मला करार मोडूच न देणारं काढणं हवं होतं.

मागे सरकवणं

लिनिअर प्रोबिंगमध्ये ते शक्य आहे, आणि ही पद्धत निवडल्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच. नोंद काढल्यावर जे भगदाड पडतं ते तसंच सोडायचं नाही. पुढच्या खणांतून चालत जायचं, आणि जी नोंद भगदाडात बसवली तरी तिच्या घराच्या मागे जाणार नाही, ती उचलून तिथे बसवायची. आता भगदाड तिच्या जुन्या जागी. असं करत रिकामा खण आला की थांबायचं.

काढ(भ):
  प = भ
  पुन्हा पुन्हा:
    प = (प + १) & मास्क
    जर खण[प] रिकामा असेल: थांब
    जर ((प − घर(प)) & मास्क) >= ((प − भ) & मास्क):
      खण[भ] = खण[प]
      भ = प
  खण[भ] = रिकामा

यात भ म्हणजे भगदाड, प म्हणजे पुढचा खण आणि घर(प) म्हणजे त्या खणातल्या शब्दाचं घर. वरच्याच टेबलातून रात काढून बघा. भगदाड ७. पुढचा खण ०, तिथे राव, त्याचं घर ७. राव घरापासून एक पाऊल लांब आहे, भगदाडही एक पाऊल मागे आहे, तो सरकतो. भगदाड ०. पुढचा खण १, तिथे मान, घर ०; तोही सरकतो. खण २ रिकामा, थांबायचं. आता तार ६ मध्ये, राव ७ मध्ये, मान ० मध्ये, तिघंही आपापल्या घरी. थडगं नाही, भगदाड नाही. रात कधी आलीच नव्हती अशी टेबलाची स्थिती होते. हे पहिल्यांदा कागदावर जुळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

पण त्या अटीची ओळ मी सुरुवातीला अशी लिहिली नव्हती. मी लिहिलं होतं: जर घर(प) <= भ. वाचायला सोपं आणि सरळ टेबलात बरोबरही. टेबल मात्र वर्तुळ आहे. तार ६ मध्ये, रात ७ मध्ये आणि मान स्वतःच्या घरी, ० मध्ये, एवढेच तिघं आहेत असं धरा. रात काढली, भगदाड ७. पुढचा खण ०, मानचं घर ०, आणि ० हा ७ पेक्षा लहान. अट खरी ठरते आणि मान ७ मध्ये जातो, आपल्या घराच्या मागे. मग मानचा शोध ० पासून सुरू होतो, रिकामा खण बघतो आणि परततो. पुन्हा तोच रोग. अंतर मास्क लावून मोजलं की हे होत नाही: मान घरापासून शून्य पावलं लांब, भगदाड एक पाऊल मागे, शून्य हे एकपेक्षा कमी, म्हणून तो जागचा हलत नाही.

ही चूक ८,१९२ खणांच्या टेबलात मला कदाचित कधीच सापडली नसती. वर्तुळ जिथे जुळतं अशी जागा त्यात एकच आहे, आणि नेमक्या तिथे गर्दी असताना, नेमकी तिथली नोंद निघायला हवी. मोठ्या मजकुरावर क्वचित एखादा शब्द हरवला असता, आणि बेरीज एखाददुसऱ्याने चुकली असती.

ती सापडली, कारण तोवर मी तपासणीची पद्धत बदलली होती. हॅश फंक्शन मुद्दाम वाईट: बाइटांची बेरीज. टेबल मुद्दाम चिमुकलं: आठ खण. शब्द सहाच: तार, रात, राव, वार, मान, नाम. पहिल्या दोघांचं घर ६, मधल्या दोघांचं ७, शेवटच्या दोघांचं ०. सगळी गर्दी कायम वर्तुळाच्या सांध्यावर. शेजारी एक साधी यादी ठेवली, जिच्यात शोध म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळणं, म्हणजे चुकायला जागाच नाही. मग रँडम क्रमाने घालणं आणि काढणं, आणि प्रत्येक कृतीनंतर दोन प्रश्न. टेबल आणि यादी सहाही शब्दांबद्दल एकच उत्तर देतात का? आणि भरलेल्या प्रत्येक खणासाठी, त्यातल्या शब्दाच्या घरापासून त्या खणापर्यंत एकही रिकामा खण नाही ना? दुसरा प्रश्न म्हणजे तो न लिहिलेला करारच, आता फंक्शन म्हणून लिहिलेला. जुन्या अटीचं कोड त्याने जवळजवळ लगेच पकडलं. थडग्यांच्या आधीचं, पहिलं कोडही मी मुद्दाम त्यातून चालवलं. तेही तसंच सापडलं.

मागे सरकवण्याची एक किंमत आहे, तीही सांगायला हवी. एक नोंद काढली की दुसऱ्या नोंदी जागा बदलतात. खिडकीच्या रांगेत प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा खण क्रमांक ठेवायचा, म्हणजे बाहेर पडताना शोधावं लागणार नाही, असा माझा बेत होता. तो सोडून द्यावा लागला. रांगेत आता शब्दाची स्वतंत्र प्रत असते आणि बाहेर पडताना रीतसर शोध होतो. निम्म्या भरलेल्या टेबलात तो सरासरी दीड खणात संपतो, त्यामुळे मला ते जड गेलं नाही. ज्यांना नोंदीचा पत्ता स्थिर हवा आहे त्यांनी चेनिंगच घ्यावं असं माझं मत झालं आहे.

शोधाचं दुसरं टोक

बेरीज ४,०९६ वर ठाम राहिली, तपासणी तासन् तास चालवूनही काही निघेना. तरी वेगळ्या शब्दांची यादी छापून वाचली, तेव्हा ‘दऱ्या’ त्यात दोनदा दिसला. पुन्हा काढण्यातच काहीतरी चुकलं असं मला वाटलं. करार तपासला, शाबूत होता.

दोन्ही नोंदींचे बाइट छापले. एक १५ बाइटांची, दुसरी १८. पहिलीत ऱ हे स्वतंत्र चिन्ह होतं, मग हलन्त, मग या. दुसरीत साधा र, हलन्त, त्यामागे शून्य रुंदीचा जोडक (पडद्यावर न दिसणारं चिन्ह), मग या. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे उमटतात. तिसरंही रूप असू शकतं: र, खाली नुक्ता, मग हलन्त. तेही १८ बाइटांचं. शोध कुठे थांबतो याची मी इतकी काळजी घेतली होती, पण तो कुठून सुरू होतो हे हॅश ठरवतो, आणि हॅशला फक्त बाइट दिसतात. वाचणाऱ्याला जो शब्द एक आहे त्याला इथे दोन घरं मिळत होती. नुक्त्याचं रूप आणि ऱ यांना युनिकोड समान मानतं; प्रमाण जोडरूपात आणलं की दोन्हींचं ऱ होतं. जोडकाच्या रूपाला मात्र हा नियम लागू होत नाही.

जोडक सरसकट गाळून टाकावा असं पहिल्यांदा मनात आलं, आणि मी तसं केलंही. डोंगरातल्या दऱ्यांतून तो जोडक काढला की उरतो दर्या, म्हणजे समुद्र. रफार चढतो आणि शब्दच बदलतो. म्हणून नियम अरुंद ठेवला: र, हलन्त आणि जोडक हे तिघं एकापाठोपाठ आले तरच त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. बाकी कुठल्याही जोडकाला हात लावायचा नाही. हे, आणि नुक्त्याच्या रूपाचं ऱ करणंही, शब्द वाचताक्षणी होतं, हॅशच्या आधी, म्हणजे टेबलाला एकच रूप माहीत असतं.

तपासणीच्या सहा शब्दांत मग मी दोन वाढवले. दऱ्या, जो तिन्ही रूपांत येतो आणि तिन्ही वेळा एकाच खणात सापडायला हवा. आणि दर्या, जो त्याच्याशी कधीही एक होता कामा नये. आठ शब्दांमुळे आठ खणांचं टेबल आता तीन चतुर्थांशाची मर्यादा ओलांडून १६ खणांचं होतं, त्यामुळे तोवर कधीच न तपासलेलं दुप्पट होण्याचं कोडही त्याच फेरीत तपासलं जातं.